शरदात फुलणारे कंद : लावावेत की नाही?

समशीतोष्ण प्रदेशातील बागांमध्ये कंदांची फुले प्रामुख्याने वसंतात येतात. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ यांचे कंद शरदात जमिनीत जातात, हिवाळाभर थंडी घेतात आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. कंदांचा दुसरा, संख्येने लहान गट सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात फुलतो. कॉल्चिकम, शरदातले क्रोकस, स्टर्नबर्गिया, सायक्लॅमेन, नेरीन, बेलाडोना लिली आणि लायकोरिस ही त्यातील मुख्य नावे. स्टर्नबर्गिया, नेरीन, बेलाडोना आणि लायकोरिस यांचे कंद कांद्यासारखे पापुद्र्यांचे असतात, कॉल्चिकम आणि क्रोकस यांचे भरीव असतात, तर सायक्लॅमेनची चपटी गाठ असते. बागकामात या सर्वांना सरसकट कंद म्हणतात. येथेही तेच केले आहे.

हे कंद लावण्याजोगे आहेत का, याबाबत युरोप-अमेरिकेतील बागकाम करणाऱ्यांमध्ये दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार शरदातील रंगासाठी शेवंती, अ‍ॅस्टर, डेलिया आणि झाडांची पिकली पाने पुरेशी आहेत. दुसऱ्या मतानुसार या कंदांनी जे साधते ते इतर कशानेही साधत नाही. पुढील मांडणीत पहिल्या मताला पूर्वपक्ष आणि दुसऱ्याला उत्तरपक्ष म्हटले आहे. वादाआधी दोघांनाही मान्य असलेली वस्तुस्थिती पाहणे सोयीचे ठरेल.

ऋतुचक्र

यातील बरेचसे कंद मूळचे अशा प्रदेशांतले आहेत, जेथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा ओला असतो. भूमध्य समुद्राभोवतीचे देश, तुर्कस्तान आणि दक्षिण आफ्रिकेतील केपचा नैर्ऋत्य भाग हे त्यांचे घर. तेथील उन्हाळ्यात पाने राखणे झाडाला परवडत नाही. म्हणून पाने वाळतात, अन्न कंदात साठते आणि कंद जमिनीखाली स्वस्थ पडून राहतो. ही विश्रांती वरवरची असते. याच काळात कंदाच्या आत पुढचे फूल घडत असते. केशर हाही शरदातला क्रोकसच; त्याच्या कंदात फुलाची घडण २३ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात होते आणि ते फूल बाहेर येण्यासाठी तापमान सुमारे १७ अंशांवर उतरावे लागते. ट्यूलिपला फुलण्याआधी थंडीचे काही आठवडे लागतात. शरदातल्या या कंदांना मात्र आधी ऊब आणि मग गारवा लागतो.

पानांच्या बाबतीत या गटाचे तीन प्रकार पडतात. कॉल्चिकम आणि क्रोकस स्पेसिओसस यांची फुले शरदात पानांविना येतात आणि पाने वसंतात उगवतात. स्टर्नबर्गिया आणि केशर यांची पाने फुलांबरोबर किंवा त्यांच्या मागोमाग दिसतात. सायक्लॅमेन हेडेरिफोलियम आणि लाल लायकोरिस यांची पाने फुलांनंतर वाढून हिवाळाभर हिरवी राहतात. लावण्याची जागा, कापणीची वेळ आणि शेजारची झाडे या तिन्ही गोष्टी यावरूनच ठरतात.

नावांच्या गोंधळाचाही येथेच निकाल लावलेला बरा. कॉल्चिकमला अनेक दुकानांत शरदातला क्रोकस म्हणून विकतात, पण ती दोन वेगळ्या कुळांतील झाडे आहेत. फुलात डोकावून पुंकेसर मोजले की ओळख पटते: कॉल्चिकमला सहा, क्रोकसला तीन. इंग्लंडमधील एनफील्ड येथील मिडलटन हाउसचे प्रसिद्ध बागकर्ते ई. ए. बोल्स यांनी १९२४ साली या दोन्ही प्रजातींवर मिळून एक पुस्तिका लिहिली. ती आजही या विषयातील आधारग्रंथ मानली जाते.

रंग किती आणि किती दिवस?

पूर्वपक्ष : शरदातील बागेला रंग हवा, तो लांबून दिसणारा हवा आणि टिकणारा हवा. शेवंतीच्या एका कुंडीवर शेकडो फुले कित्येक आठवडे राहतात. अमेरिकेतील न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर माणसाच्या छातीपर्यंत वाढतो. क्रोकसचे फूल मात्र जेमतेम वीतभर उंच आणि तेही पायाशी. वाकून पाहावे लागणाऱ्या फुलाला बागेचा रंग म्हणणे ही अतिशयोक्ती आहे.

उत्तरपक्ष : उंची हाच निकष लावला तर वसंतातले क्रोकस आणि स्नोड्रॉपही बाद करावे लागतील, आणि तसे कोणी करत नाही. प्रश्न रंगाच्या जातीचाही आहे. ऑक्टोबरच्या बागेतील बहुतेक रंग तांबूस, पिवळट, विटकरी असतात. त्या पार्श्वभूमीवर कॉल्चिकम स्पेसिओससचे पांढऱ्या गळ्याचे गुलाबी-जांभळे पेले, त्याच्याच 'अल्बम' या वाणाची शुभ्र फुले, क्रोकस स्पेसिओससच्या निळसर जांभळ्या पाकळ्यांवरील गडद शिरा आणि नेरीनचा झगझगीत गुलाबी रंग वेगळे उठून दिसतात. उरलेल्या झाडांवर उन्हाळ्याचा शीण दिसत असताना ही फुले नुकतीच जमिनीतून आलेली असतात.

पूर्वपक्ष : नुकतीच आलेली आणि लगेच जाणारी. क्रोकसचे एक फूल काही दिवसांत मावळते. कॉल्चिकमला खरा देठच नसतो. देठ वाटते ती पाकळ्यांची लांब नळी असते आणि फुलाचा बीजांडकोश जमिनीखाली असतो. एक जोरदार सर आली की सगळा ताटवा आडवा होतो. 'वॉटरलिली' नावाचे भरगच्च पाकळ्यांचे वाण तर स्वतःच्या भारानेच लवंडते.

उत्तरपक्ष : एका फुलाचे आयुष्य कमी असते हे मान्य. पण कॉल्चिकमचा चांगला पोसलेला कंद एकामागून एक अनेक फुले काढतो, त्यामुळे एक जुडगा दोन-तीन आठवडे फुललेला राहतो. जातींची निवड क्रमाने केली तर हंगाम आणखी लांबतो. ऑगस्टअखेर सायक्लॅमेन, सप्टेंबरात कॉल्चिकम, त्याच्या शेवटी क्रोकस स्पेसिओसस आणि स्टर्नबर्गिया, ऑक्टोबरात नेरीन आणि केशर अशी साखळी लावता येते. लवंडण्यावर उपाय सोपा आहे. भरगच्च वाणांऐवजी एकेरी पाकळ्यांची वाणे घ्यावीत आणि ती थाइम, विंका किंवा बुटक्या सेडमसारख्या पसरणाऱ्या झाडांतून वर येतील अशी लावावीत. नळीला आजूबाजूचा आधार मिळतो आणि फुलावर माती उडत नाही.

पूर्वपक्ष : जमिनीखालच्या कंदाचाच आग्रह असेल, तर डेलिया आहेच. त्याच्याही मुळांच्या गाठीच असतात आणि तो जुलैपासून पहिल्या हिमतुषारापर्यंत न थांबता फुलतो.

उत्तरपक्ष : रंगाच्या प्रमाणात डेलियाशी बरोबरी करता येणार नाही. पण कडक थंडीच्या प्रदेशात डेलियाच्या गाठी दर वर्षी उकरून, साठवून, पुन्हा लावाव्या लागतात. उन्हाळाभर पाणी आणि काठ्यांचा आधार द्यावा लागतो. कॉल्चिकम एकदा लावला की अनेक वर्षे जागचा हलवावा लागत नाही, आणि ज्या महिन्यांत पाण्याची टंचाई असते त्याच महिन्यांत त्याला पाणी नको असते.

येथे दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर ठरते. लांबून दिसणाऱ्या भरघोस रंगाचे काम अ‍ॅस्टर, शेवंती आणि डेलिया करतात. पायवाटेच्या कडेला, पायऱ्यांपाशी, झाडांच्या बुंध्याशी, म्हणजे जेथे माणूस जवळून जातो तेथे कंदांचे काम असते.

लावण्याची वेळ

पूर्वपक्ष : यांची खरेदीच अवघड. दुकानांत कंद येतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, कारण दुकानदाराच्या डोळ्यांसमोर वसंतातली फुले असतात. तोपर्यंत कॉल्चिकमचे कंद खोक्यातच फुललेले असतात. रंग उडालेली, वाकडी झालेली फुले पाहून गिऱ्हाईक मागे फिरते.

उत्तरपक्ष : खोक्यात फुललेला कंद वाया गेलेला नसतो. फुलासाठी लागणारे अन्न आणि पाणी कंदात आधीच साठलेले असल्यामुळे कॉल्चिकम माती आणि पाण्याविना, नुसत्या खिडकीच्या कट्ट्यावरही फुलतो. फूल ओसरल्यावर तो लगेच जमिनीत लावावा, म्हणजे मुळे धरून पुढच्या वसंतात पाने काढतो. दुकानाची वाट न पाहता जुलैतच मागणी नोंदवणे आणि कंद हातात पडताच ऑगस्टमध्ये, उशिरात उशिरा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ते जमिनीत घालणे हा योग्य क्रम. ट्यूलिप लावल्यावर सहा महिने थांबावे लागते. येथे तीन ते सहा आठवड्यांत फूल दिसते.

पूर्वपक्ष : ऑगस्टमध्ये वाफे भरलेले असतात. नव्या कंदाला जागा कुठली?

उत्तरपक्ष : ही अडचण खरी आहे, आणि तिचे उत्तर जागेची निवड वसंतातच करून ठेवण्यात आहे. एप्रिल-मे महिन्यांत वाफ्यात जेथे रिकामी जागा दिसेल तेथे खूण रोवून ठेवावी.

लावण्याच्या खोलीबद्दल वाद नाही, पण जातीगणिक फरक मोठा आहे. कॉल्चिकमचे मोठे कंद १० ते १५ सेंटिमीटर खोल आणि एकमेकांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर लावतात. क्रोकस साधारण १० सेंटिमीटर खोल आणि जवळजवळ, दहा-बाराच्या गटाने लावले तर शोभतात. केशराचे कंद १० ते १५ सेंटिमीटर खोल जातात. स्टर्नबर्गियाला सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर खोली आणि भरपूर ऊन लागते. नेरीन बाउडेनीचा कंद मात्र मान जमिनीच्या पातळीवर येईल इतकाच पुरतात. भिंतीच्या दक्षिणेकडील उन्हात, एकमेकांना खेटून वाढल्यावर तो चांगला फुलतो. म्हणून त्याचा जुडगा वारंवार फोडत नाहीत. सायक्लॅमेनची गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नसावी. सायक्लॅमेन हेडेरिफोलियमची मुळे गाठीच्या वरच्या बाजूने आणि कडेने फुटतात, त्यामुळे गुळगुळीत गोलसर बाजू खाली ठेवायची असते. नवखे लोक नेमके उलटे करतात.

जमिनीबाबत एकच अट कडक आहे: पाण्याचा निचरा. चिकणमातीत वाळू किंवा बारीक खडी मिसळावी, किंवा वाफा उंच करावा. ताजे शेणखत कंदाला लागू देऊ नये. पाने वाढत असताना वरून कुजलेले कंपोस्ट पसरले तरी पुरते.

पाने आणि जागा

पूर्वपक्ष : फुलांची तारीफ करताना पानांचा विषय नेहमी टाळला जातो. कॉल्चिकमची पाने वसंतात येतात, हातभर लांब आणि चांगली रुंद. एप्रिलमध्ये ती शेजारच्या नाजूक फुलझाडांवर आडवी पडतात आणि जूनमध्ये पिवळी पडून कुजतात. बाग सर्वांत देखणी असावी त्या दिवसांत हा पसारा डोळ्यांसमोर असतो. दोन आठवड्यांच्या फुलांसाठी तीन महिने पाने सांभाळायची, हा सौदा तोट्याचा आहे.

उत्तरपक्ष : ती पानेच पुढच्या वर्षीची फुले बनवतात. कॉल्चिकम असो वा क्रोकस, जुना कंद एकाच वर्षाचा धनी असतो. फूल आणि पाने काढताना तो रिता होतो आणि पानांनी बनवलेल्या अन्नावर त्याच्या जागी नवे कंद तयार होतात. पाने हिरवी असताना कापली तर पुढच्या वर्षी फूल नाही. त्यामुळे पाने लपवायची कशी, एवढाच प्रश्न उरतो. झुडपांच्या पुढे, पानझडी झाडांखाली, किंवा मे महिन्यात पसरणाऱ्या मोठ्या बारमाही झाडांच्या मागे कॉल्चिकम लावला तर पिवळी पाने नजरेआड होतात. नाजूक फुलझाडांशेजारी तो लावू नये, हा पूर्वपक्षाचा सल्ला मात्र योग्य आहे.

पूर्वपक्ष : हिरवळीत लावावेत असे सुचवले जाते. मग हिरवळ कापायची केव्हा?

उत्तरपक्ष : हिरवळीत क्रोकस स्पेसिओसस, क्रोकस न्यूडिफ्लोरस आणि कॉल्चिकम ऑटम्नाले हे तिघे शोभतात. ऑगस्टच्या मध्यावर एक कापणी करून थांबावे, म्हणजे आखूड गवतातून फुले वर दिसतात. फुले संपल्यावर, पानांची टोके दिसण्याआधी आणखी एकदा कापता येते. वसंतात मात्र पाने वाळेपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, यंत्र फिरवू नये. ज्याला एप्रिलपासून गालिच्यासारखी हिरवळ हवी आहे त्याने तेथे हे कंद लावू नयेत.

सायक्लॅमेनची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या झाडांखालच्या कोरड्या, मुळांनी भरलेल्या सावलीत जेथे शेवंती आणि अ‍ॅस्टर दोन्ही हरतात, तेथे सायक्लॅमेन हेडेरिफोलियम वर्षानुवर्षे वाढतो. त्याची गाठ ताटाएवढी रुंद होऊ शकते. फूल गळल्यावर देठ गुंडाळी होऊन बी जमिनीकडे नेतो आणि बियांवरील गोड आवरणासाठी मुंग्या ते बी दूरवर पोचवतात. रुपेरी नक्षीची पाने शरदापासून वसंतापर्यंत टिकतात, म्हणजे पानांचा आक्षेप येथे लागूच पडत नाही.

विष

पूर्वपक्ष : कॉल्चिकम हे बागेतील सर्वांत विषारी झाडांपैकी एक आहे. त्याच्या सर्व भागांत कोल्चिसिन असते. शिजवल्याने किंवा वाळवल्याने ते नाहीसे होत नाही आणि त्यावर सहज मिळणारा उतारा नाही. युरोपात वसंतात जंगली लसणीची पाने खुडणारे लोक चुकून कॉल्चिकमची पाने घरी नेतात आणि त्यातून मृत्यू झालेले आहेत. लक्षणे काही तासांनी सुरू होतात, त्यामुळे कारण लवकर उमगतही नाही. फुलांच्या हौसेसाठी घरात लहान मुले असताना असे झाड लावणे शहाणपणाचे नाही.

उत्तरपक्ष : धोका नाकारता येत नाही. पण कण्हेर आणि फॉक्सग्लोव्हही विषारी आहेत, आणि तीही बागांत असतात. येथे दोन नियम पाळावे लागतात. भाजीपाल्याच्या किंवा खाण्याच्या वनस्पतींच्या वाफ्याजवळ कॉल्चिकम कधीही लावू नये. केशर आणि कॉल्चिकम एकाच बागेत असतील तर त्यांच्यात ठळक अंतर आणि नावाच्या पाट्या असाव्यात. केशराची म्हणून कॉल्चिकमची फुले खुडली गेली तर परिणाम प्राणघातक होऊ शकतो. लहान मुले आणि पाळीव प्राणी असलेल्या घरी कॉल्चिकमऐवजी क्रोकस स्पेसिओसस निवडावा.

पूर्वपक्ष : म्हणजे गटातील सर्वांत ठसठशीत फूलच बाद झाले.

उत्तरपक्ष : काही घरांपुरते झाले. उलट हाच विषारीपणा अनेक बागांत उपयोगी पडतो. अमेरिकेच्या उपनगरांत हरणे, खारी आणि उंदीर ट्यूलिप व क्रोकसचे कंद फस्त करतात. कॉल्चिकमला ते तोंड लावत नाहीत. नेरीन, स्टर्नबर्गिया आणि लायकोरिस यांच्यातही कडवट विषारी द्रव्ये असतात. क्रोकसला मात्र संरक्षण नाही. त्याच्यावर तारेची जाळी अंथरून मग माती लोटावी.

कोल्चिसिनची दुसरी बाजूही नोंदवण्याजोगी आहे. फ्रान्समध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी १८२० साली ते कॉल्चिकमपासून वेगळे केले. वातरक्तावर, म्हणजे गाउटवर, ते आजही अत्यल्प मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. १९३७ नंतर वनस्पतिप्रजननात गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी त्याचा वापर रूढ झाला. मराठी वाचकाला हे कुळ अपरिचित नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर आणि झुडपांवर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी कॉल्चिकमच्याच कुळातील आहे. तिच्या कंदात आणि बियांतही कोल्चिसिन असते, आणि तामिळनाडूत औषधी बियांसाठी तिची शेती केली जाते.

किंमत आणि उगम

पूर्वपक्ष : कॉल्चिकमच्या एका कंदाच्या किमतीत ट्यूलिपचे अनेक कंद येतात. शिवाय या गटातील काही कंद रानातून उकरून विकले गेले आहेत. बागेच्या शोभेसाठी दुसऱ्या देशाचे डोंगर ओरबाडणे समर्थनीय नाही.

उत्तरपक्ष : दुसरा आक्षेप गंभीर आहे. तुर्कस्तानातून रानातल्या कंदांची मोठी निर्यात होत असे. सायक्लॅमेन, स्टर्नबर्गिया आणि स्नोड्रॉप या प्रजाती आता १९७३ साली झालेल्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याने नियंत्रित होतो. ग्राहकाने रोपवाटिकेत वाढवलेलेच कंद मागावेत. सायक्लॅमेनच्या वाळक्या गाठींपेक्षा कुंडीतले पानांसह रोप घ्यावे. ते जगण्याची शक्यताही जास्त असते. किमतीचा आक्षेप तेवढा टिकणारा नाही. ट्यूलिप अनेक बागांत दर वर्षी नवे घ्यावे लागतात, तर कॉल्चिकमचे तीन कंद काही वर्षांत जुडगा होतात. पाने वाळल्यावर जूनअखेर तो उकरून वाटून देता येतो.

पूर्वपक्ष : वाढतात हे ठीक, पण किती काळात?

उत्तरपक्ष : लाल लायकोरिसचे उदाहरण पाहावे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १८५४ च्या सुमारास जपानहून परतलेल्या एका जहाजाच्या कप्तानाने तीन कंद आणले, असे न्यू बर्न गावात सांगितले जाते. आज दक्षिणेकडील राज्यांत सप्टेंबरात त्यांचे तांबडे ताटवे जुन्या घरांभोवती सर्वत्र दिसतात. बी न धरता केवळ कंदांच्या विभागणीने आणि शेजाऱ्यांच्या देवाणघेवाणीने एवढा प्रसार झाला.

केशराबाबतही हेच खरे. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्याला बी धरत नाही. ग्रीसमधील क्रोकस कार्टराइटियानस या रानटी जातीपासून ते निर्माण झाले आणि तेव्हापासून माणसाने कंद वेगळे करून लावल्यामुळेच टिकले आहे.

कोणत्या हवामानात?

पूर्वपक्ष : हा सारा थाट ठरावीक हवामानापुरता आहे. उन्हाळी पाऊस पडणाऱ्या किंवा हिवाळा कडक असलेल्या ठिकाणी हे कंद कुजतात किंवा गोठतात.

उत्तरपक्ष : जातीनुसार उत्तर बदलते. कॉल्चिकम ऑटम्नाले उणे २५ अंशांपर्यंतची थंडी सोसतो, त्यामुळे अमेरिकेचा ईशान्य भाग, जेथे न्यू जर्सीसारख्या राज्यांत मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात, त्याला मानवतो. क्रोकस स्पेसिओसस आणि सायक्लॅमेन हेडेरिफोलियमही तेथे टिकतात. स्टर्नबर्गियाला उन्हात तापलेली कोरडी जागा हवी. बेलाडोना लिली मऊ हिवाळ्याची, कॅलिफोर्नियासारख्या प्रदेशाची. इंग्लंडमध्ये केशर जगते पण थंड, ओल्या उन्हाळ्यानंतर फुलायला कुचराई करते, कारण फूल घडण्यासाठी लागणारी ऊब त्याला मिळत नाही. उन्हाळी पावसाच्या प्रदेशाला लायकोरिस योग्य, कारण तो मुळातच पूर्व आशियातला. जपानमध्ये शरदातील विषुवदिनाच्या आसपास भातखाचरांच्या बांधांवर तो फुलतो. त्याच्या विषामुळे उंदीर आणि चिचुंद्र्या बांध पोखरत नाहीत म्हणून तो तेथे लावला गेला.

पूर्वपक्ष : आणि भारतात?

उत्तरपक्ष : भारतात शरदात फुलणाऱ्या कंदाचे सर्वांत मोठे उदाहरण बागेत नाही, शेतात आहे. काश्मीरमधील पांपोरच्या करेवा नावाच्या पठारी जमिनीवर ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केशर फुलते. सकाळी लवकर फुले खुडतात, आणि प्रत्येकातील तीन तांबडे तंतू वेगळे करतात. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला सुमारे दीडशे फुले लागतात. २०२० साली काश्मीरच्या केशराला भौगोलिक मानांकन मिळाले. कोजागिरीच्या दुधात जे केशर पडते त्याचे नवे पीक त्यानंतर काही आठवड्यांतच तेथे उमलते.

पूर्वपक्ष : महाराष्ट्रात मात्र यातले काहीच उपयोगाचे नाही.

उत्तरपक्ष : मोकळ्या बागेत कॉल्चिकम आणि क्रोकस लावू नयेत, हे बरोबर. ज्या महिन्यांत त्यांना कोरडी विश्रांती हवी असते त्याच महिन्यांत येथे पाऊस कोसळतो, आणि नंतर पुरेशी थंडीही पडत नाही. अलीकडे पुण्यासारख्या शहरांत बंद खोलीत तापमान राखून केशराची फुले घेतली जातात. कंदात फूल आधीच घडलेले असल्यामुळे ते शक्य होते. पण ती बाग नव्हे, उत्पादनाची खोली असते. येथील हवेचे स्वतःचे कंद आहेत. बाजारात गुलछडी म्हणून विकला जाणारा निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. त्याचे कंद एप्रिल-मेमध्ये लावले की पावसाळ्यात फुटतात आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत दांडे देत राहतात. शरदातील फुलांसाठी महाराष्ट्रातील बागेने त्याच्याकडे वळावे.

निर्णय

वादाचा निष्कर्ष असा निघतो. बागेतील रंगाचा मुख्य भार या कंदांवर टाकता येत नाही. त्याबाबत पूर्वपक्ष बरोबर आहे. जेथे माणूस जवळून जातो, जेथे झाडांखाली दुसरे काही फुलत नाही किंवा जेथे हरणे-उंदीर काहीच टिकू देत नाहीत, अशा ठिकाणी मात्र त्यांना पर्याय नाही. तेथे उत्तरपक्ष बरोबर आहे. खर्च आणि लवंडणे हे आक्षेप निवडीने सुटतात. पानांचा आक्षेप जागेने सुटतो. विषाचा आक्षेप सुटत नाही, तो सांभाळावा लागतो.

त्यामुळे समशीतोष्ण प्रदेशात, ज्या बागेत उन्हाळ्यात कोरडी राहणारी आणि जूनपर्यंत न कापता सोडता येणारी जागा आहे, तेथे हे कंद अवश्य लावावेत. सुरुवात क्रोकस स्पेसिओससच्या वीस-पंचवीस कंदांनी आणि झाडाखालच्या दोन-तीन सायक्लॅमेन रोपांनी करावी. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी नसतील तर कॉल्चिकमचे तीन कंद जोडावेत. मागणी जुलैत नोंदवावी आणि लावणी ऑगस्टमध्ये उरकावी. तशी जागा ज्यांच्याकडे नाही, त्यांना शेवंती आणि अ‍ॅस्टर पुरेसे आहेत.